पुडीतले जिवाणू जिवंत आहेत का?

जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. हॉस्टेलच्या कट्ट्यावर चहा चाललेला असतो आणि कुणाचा तरी घरून फोन येतो. "पाऊस झाला, पेरलं आज." सगळे खूश. पंधरा दिवसांनी त्याच नंबरवरून पुन्हा फोन. पावसाने उघडीप दिलीय, कोवळी रोपं माना टाकतायत, दुबार पेरणी करावी लागणार. म्हणजे बियाणं, खत, मजुरी सगळं परत. त्या महिन्यात मेसचे पैसे मागताना जीभ अडखळते. तुमच्यापैकी किती जणांनी हे अनुभवलंय?

चांगला ओलावा झाल्याशिवाय, साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी विद्यापीठं दरवर्षी देतात. पण पेरणीनंतर पाऊस दडी मारणारच नाही, याची हमी कोण देणार? अशा वेळी रोपाला आणखी चार दिवस तग धरता आला, तरी खूप फरक पडतो. इथेच मातीतले काही जिवाणू कामाला येतात.

घाबरू नका, मी मास कॉमवाली आहे. जेवढं समजलं तेवढंच सांगते. पाण्याचा ताण पडला की रोप इथिलीन नावाचं संप्रेरक जास्त तयार करतं आणि त्यामुळे मुळांची वाढ मंदावते. गंमत बघा, मुळं खोल जायला हवीत नेमकी तेव्हाच ती थांबतात! मुळांभोवती राहणाऱ्या काही जिवाणूंकडे एक विकर असतं, एसीसी डीअमिनेज. इथिलीन ज्या कच्च्या मालापासून बनतं, तोच ते तोडून टाकतं. इथिलीन कमी झालं की मुळं वाढत राहतात. काही जिवाणू मुळांभोवती चिकट थर तयार करतात, त्यात ओल थोडी जास्त टिकते. बाजरी-ज्वारीच्या बियाण्याला लावतात तो अ‍ॅझोस्पिरिलम मुळांना जास्त फाटे फोडायला मदत करतो.

आता लगेच "शेतकऱ्यांसाठी चमत्कार" असं रील बनवू नका. जिवाणू पाऊस पाडत नाहीत. महिनाभर पाणीच नसेल तर तेही हतबल. प्रयोगशाळेतल्या कुंडीत दिसलेला फायदा प्रत्येक शेतात तेवढाच दिसतो असंही नाही. माती, पीक, आधीपासून तिथे असलेले जिवाणू, सगळ्यावर ते अवलंबून असतं. शिवाय दुकानात मिळणारी बहुतेक जिवाणू खतं नत्र आणि स्फुरदासाठी असतात, दुष्काळासाठी नाही. म्हणून कोणती पुडी कशासाठी, हे आधी विचारायचं.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका कृषी दुकानात गेले होते. जिवाणू खताच्या पुड्या दर्शनी काचेत, थेट उन्हात, कीटकनाशकांच्या डब्यांना टेकून ठेवलेल्या. "काका, हे उन्हात कसं?" विचारलं तर म्हणाले, "काही होत नाही गं, पावडर तर आहे."

नाही काका, ती पावडर नाही. पावडर हे फक्त घर आहे, आत जीव आहेत. उन्हाने आणि रसायनांनी ते मरतात. मेलेले जिवाणू बियाण्याला चोळले तर रोपाला काय मिळणार? मग पीक गेलं की शेतकरी म्हणतो, "हे जिवाणू-बिवाणू सगळं थोतांड." त्याची काय चूक? फसला तो, बदनाम झालं विज्ञान.

आपल्याकडे नियम नाही असं नाही. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात 2006 साली जिवाणू खतं आली. त्यानुसार पावडरच्या स्वरूपातल्या अ‍ॅझोस्पिरिलम, रायझोबियमसारख्या खतात एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूप खतात एका मिलिलिटरमध्ये 10 कोटी. प्रश्न असा की कारखान्यातून निघालेले 5 कोटी मे महिन्याच्या उन्हातून शेतापर्यंत किती उरतात? ते कोण मोजतं?

मला वाटतं, आपण मोजू शकतो. मायक्रोबायोलॉजीवाल्यांनो, तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये प्लेट काउंट आहेच की! नमुना दहा-दहा पट विरळ करायचा, योग्य माध्यमावर पसरवायचा, वसाहती मोजायच्या. दरवर्षी तेच ते नमुने घेण्यापेक्षा यंदा आपल्याच तालुक्यातल्या दुकानांतल्या पुड्या घ्या ना. हा काही कायदेशीर पुरावा होणार नाही, मान्य. पण "साहेब, इथला अधिकृत नमुना घ्या," असं कृषी अधिकाऱ्यांना सांगायला तेवढं पुरेसं आहे. "हे सरकारचं काम आहे," असं कुणी म्हणेल. आहेच. पण ते होतंय का, हे विचारणं आपलं काम आहे.

आणि सायन्सवाले नसाल तर? पेरणीआधी घरी फोन करा. पुडीवरची तारीख बघायला सांगा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. बियाणं सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. दोन ओळी मात्र जिवाणू न लावता पेरायला सांगा. उघडीप पडली की दोन्हीकडची रोपं उपटून मुळं शेजारी शेजारी ठेवायची. फरक दिसला तर पुढच्या वर्षी घ्या, नाही दिसला तर दुकानदाराला जाब विचारा.

आई-बाबांना आपण यूपीआय शिकवलं, व्हॉट्सअ‍ॅप शिकवलं. यंदा "पावसाचं काय?" विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा: "पुडी कुठे ठेवलीय? सावलीत आहे ना?"