इलेक्टिव्ह कोणतं घेऊ, हे विचारायचं कोणाला?

एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला की पहिल्या काही दिवसांतच एक फॉर्म हातात पडतो. इलेक्टिव्ह निवडा! समोर दोन-तीन विषयांची नावं, शेवटची तारीख परवाची. मग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, 'सगळे काय घेतायत?' ज्या विषयाला जास्त मतं तो विषय ठरतो. मशीन लर्निंगचं नाव भारी वाटतं म्हणून ते घेतलं जातं, किंवा अमुक सर मार्क सढळ हाताने देतात म्हणून त्यांचा विषय घेतला जातो. आपल्याला पुढे काय करायचंय, त्यासाठी आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. विचारायचा तरी कोणाला?

पूर्वी हे चालून जायचं, कारण निवडायला फारसं काही नव्हतंच. विद्यापीठाने ठरवलेले विषय, ठरलेला पेपर, ठरलेला प्रोजेक्ट. आता चित्र बदललंय. पर्याय आले आहेत, पण त्यातला आपला पर्याय कोणता हे सांगणारं माणूस कॉलेजात सापडत नाही. पदव्युत्तर कॉम्प्युटर शिक्षणातली आजची मोठी अडचण ही आहे.

कागदावर काय बदललं?

नवीन शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी रचना आली. एमएस्सीसारख्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण ८८ क्रेडिट, म्हणजे प्रत्येक सत्राला २२. त्यात दर सत्रात ४ क्रेडिटचं इलेक्टिव्ह. पहिल्या सत्रात ४ क्रेडिटचं रिसर्च मेथडॉलॉजी, दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट. पुढच्या दोन सत्रांत मिळून १० क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट. पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट पूर्ण करून बाहेर पडायचं असेल तर पीजी डिप्लोमा मिळतो.

बेरीज करून बघा. इलेक्टिव्हचे १६, ट्रेनिंगचे ४, प्रोजेक्टचे १०. म्हणजे ८८ पैकी ३० क्रेडिट असे आहेत, जिथे तुमचा निर्णय चालतो. एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्तच भाग!

याच्या जोडीला स्वयम् पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स आहेत. एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करायला यूजीसीने २०२१च्या नियमांत परवानगी दिली आहे, पण तो कोर्स आपल्या विद्यापीठाने मान्य केलेला असावा लागतो. क्रेडिट साठवायला ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. आणि २०२४ मध्ये यूजीसीने जाहीर केलेल्या आराखड्यानुसार चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला एक वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. म्हणजे लवकरच एकाच विभागात एक वर्षवाले आणि दोन वर्षवाले असे दोन प्रकारचे विद्यार्थी शेजारी शेजारी बसतील. दोघांना एकच सल्ला कसा चालेल?

मेंटॉर आहेत, पण रजिस्टरमध्ये

'आमच्याकडे मेंटॉर-मेंटी योजना आहे,' असं जवळपास प्रत्येक कॉलेज सांगेल. ते खोटं नसतं. नॅकच्या मूल्यांकनात मेंटॉर आणि विद्यार्थ्यांचं गुणोत्तर विचारलं जात आलंय. त्यामुळे यादी असते, रजिस्टर असतं आणि सत्राच्या शेवटी सह्याही होतात. मूल्यांकनात आकडा मोजणं सोपं आहे. त्या भेटीत कोणता निर्णय सुधारला हे मोजणं अवघड आहे, म्हणून ते राहून जातं.

सगळा दोष शिक्षकांवर ढकलून मोकळं होता येणार नाही. राज्यात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि अनेक विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. ज्याला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, त्याने तास संपल्यावर अर्धा तास बसून तुमचं मार्कशीट बघावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? शिवाय पुढच्या वर्षी ते सर किंवा मॅडम असतीलच याची खात्री नाही. सल्ला देणं हे काम म्हणून धरलंच नाही, तर ते कोणाच्याच वाट्याला येत नाही.

मग ती जागा दुसरे भरून काढतात. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी कंपनी मिळाली नाही की पैसे घेऊन 'इंटर्नशिप सर्टिफिकेट' देणारे तयारच असतात. प्रोजेक्ट सुचला नाही की रेडीमेड कोड मिळतो. त्या कोडसोबत आलेला रिपोर्ट तसाच जोडला तर काय होतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा सादर करावा लागतो, त्यापुढे वर्षभराची बंदी आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. ही माहिती पहिल्या महिन्यात मिळायला हवी. ती मिळते शेवटच्या सत्रात, सबमिशनच्या आदल्या आठवड्यात.

अमेरिकेत सवयीची किंमत

'सगळे काय घेतायत' ही सवय घेऊनच अनेक जण एमएससाठी अमेरिकेला जातात. २०२३-२४ मध्ये तिथे ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला, आणि कॉम्प्युटरकडे जाणाऱ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. तिथे सल्ला देणं हे पगारी काम आहे, पण ते एकाच माणसाकडे नसतं. विभागाचा ॲकॅडमिक ॲडव्हायजर पदवीसाठी कोणते कोर्स लागतात ते सांगतो. थिसिस करायचा असेल तर प्राध्यापक गाईड वेगळे. आणि व्हिसाचं सगळं बघणारा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातला अधिकारी वेगळा, त्याला डीएसओ म्हणतात.

हा फरक कळला नाही तर काय होतं? समजा, पहिल्याच सत्रात अल्गोरिदमचा कोर्स झेपत नाहीये. विभागाचा ॲडव्हायजर म्हणतो, 'सोडून द्या, पुढच्या सत्रात घ्या.' अभ्यासाच्या दृष्टीने सल्ला बरोबरच आहे. पण एफ-वन व्हिसावर पूर्णवेळ विद्यार्थी राहावं लागतं, बहुतेक ठिकाणी पदव्युत्तरला त्याचा अर्थ सत्राला ९ क्रेडिट. डीएसओची आधी परवानगी न घेता कोर्स सोडला तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. त्यातही ऑनलाइन कोर्स सत्राला एकच धरला जातो.

दुसरं उदाहरण सीपीटीचं, म्हणजे शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीचं. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा जास्त केली, तर त्या पदवीवर नंतर मिळणारी ओपीटी हातची जाते. कॉम्प्युटरसारख्या विषयात ओपीटी एक वर्ष आणि वर दोन वर्षांची वाढ, अशी तीन वर्षं मिळू शकते. कर्ज काढून गेलेल्या मुलाला ही तीन वर्षं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. 'सीनियरने सांगितलं होतं' हे कारण तिथे कोणी ऐकून घेत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा हेच दिसलं. मोबाइलवरच्या ग्रुपांमध्ये एका रात्रीत 'आता संपलं' असं वातावरण झालं. पुढे ऑक्टोबरमध्ये खुलासा आला की अमेरिकेत राहूनच विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीकडे जाणाऱ्यांना ते शुल्क लागू नाही. नियम उद्या पुन्हा बदलतील. पण ज्यांनी ग्रुपऐवजी आपल्या कार्यालयाला विचारलं, त्यांच्या झोपेचं खोबरं जरा कमी झालं असेल.

चॅटबॉटला विचारलं तर?

हल्ली बरेच जण तेच करतात. त्याला एकदम नावं ठेवायचं कारण नाही. जॉर्जिया टेकने २०१४ पासून कॉम्प्युटर सायन्सचं एमएस ऑनलाइन सुरू केलं, सात हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात. विद्यार्थी हजारोंनी आले आणि त्यांचे प्रश्नही. तिथले प्राध्यापक अशोक गोयल यांनी २०१६ मध्ये आपल्या कोर्ससाठी 'जिल वॉटसन' नावाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक आणला. ही 'जिल' नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, तेसुद्धा उत्तराची जवळजवळ खात्री असेल तेव्हाच. उरलेलं माणसांकडे.

यातून आपल्या कामाची गोष्ट मिळते. प्रश्न दोन जातीचे असतात. एक नियमाचे: स्वयम् चा हा कोर्स चालेल का? किती क्रेडिट राहिले? मध्येच बाहेर पडलो तर काय मिळेल? यांची उत्तरं विभागाच्या वेबसाइटवर एका पानावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवता येतात. त्यासाठी नवीन पद नको आणि निधीही नको. दुसरे प्रश्न 'माझे' असतात: गणित कच्चं आहे, तरी मशीन लर्निंग घेऊ का? नोकरी की पीएचडी? घरून पैसे थांबले तर पहिल्या वर्षानंतर थांबू का? इथे तुमचं मार्कशीट, तुमचं घर आणि तुमचा स्वभाव बघून बोलणारं माणूस लागतं. आज आपल्या शिक्षकांचा असलेला थोडासा वेळ पहिल्या जातीच्या प्रश्नांतच खर्च होतो. तो वाचला तर दुसऱ्यासाठी उरेल. आणि विद्यापीठांनी या भेटींचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरले, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना त्याचे पैसे दिले, तर रजिस्टरमधल्या सह्यांना अर्थ येईल.

तोवर आपण काय करायचं?

व्यवस्था बदलेपर्यंत तुमची दोन वर्षं थांबणार नाहीत. त्यामुळे एवढं तरी करा.

• पहिल्या पंधरवड्यात विभागप्रमुखांना किंवा मेंटॉरना भेटायची वेळ मागा. 'सर, मार्गदर्शन करा' एवढंच म्हणू नका. मार्कशीट, अभ्यासक्रमाची प्रत आणि तीन नेमके प्रश्न घेऊन जा.

• इलेक्टिव्ह निवडण्याआधी त्याच्या अभ्यासक्रमातलं पहिलं प्रकरण वाचा. मशीन लर्निंगमध्ये लिनिअर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटी समोर येणारच. ते येत नसेल तर आधी त्याची सोय करा.

• स्वयम् चा कोर्स, ट्रेनिंगची कंपनी, प्रोजेक्टचा विषय, यांची मान्यता काम सुरू करण्याआधी लेखी घ्या. ईमेलही चालेल.

• सीनियरला जरूर विचारा, पण नियम विचारू नका, अनुभव विचारा. त्यांच्या वेळचा नियम आज तोच असेल असं नाही.

• परदेशी जाणार असाल तर कोणता प्रश्न ॲडव्हायजरचा आणि कोणता डीएसओचा, ही यादी विमानात बसण्याआधी करा.

आणि वर्गातल्या दहा जणांना एकच शंका असेल तर दहा वेळा स्वतंत्रपणे विचारू नका. दहा जणांच्या सह्यांचं एक पत्र विभागाला द्या आणि उत्तर सूचना फलकावर लावायची विनंती करा. पुढच्या वर्षीच्या बॅचला ते उत्तर आयतं मिळेल.