डोंगर उतरणारे देव

तारापूरच्या नोकरीमुळे बोईसरकर झालेल्या आमच्या तमिळ शेजाऱ्यांच्या आग्रहाने २०२४च्या चैत्रात आम्ही सहकुटुंब मदुराईला गेलो. २३ एप्रिल, पौर्णिमा. बहीण मीनाक्षीच्या लग्नाला डोंगरावरून निघालेला अळगर पहाटे सोनेरी घोड्यावरून वैगई नदीत उतरला. लग्न आधीच उरकल्याचे कळून तो रुसतो आणि नदीवरूनच परततो. त्याच्यासाठी पात्रात धरणाचे पाणी सोडतात!

"तुमच्याकडे आज काय असतं हो?" शेजाऱ्यांच्या आईंनी विचारले. मी "हनुमान जयंती" म्हणून मोकळा झालो.

त्याच दिवशी डहाणूजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा सुरू होत होती. गड चढू न शकणाऱ्या गरोदर भक्तिणीसाठी देवी पायथ्याशी आली, अशी तिची कथा. वाघाडीचा आदिवासी पुजारी रात्री डोंगरावर ध्वज लावतो. बोईसरहून तासाभराची वाट. पंचवीस वर्षांत मी एकदाही गेलो नाही.

आम्ही नोकरदार गर्दीचे निमित्त सांगतो. मदुराईच्या लाखोंच्या गर्दीत उभे होतोच की! 'ती आदिवासींची जत्रा', हेच खरे कारण.

परतीच्या गाडीत आजींनी पुन्हा विचारलेच, "आता तुमची जत्रा कधी दाखवता?"