वाद्यमेळाचा कर्ता कोण?

टिटवाळ्याच्या महागणपतीला भाविक ‘विवाहविनायक’ म्हणतात. साहजिकच लग्नसराई आणि वराती यांचे या गावाशी नाते जवळचे. डीजेच्या भिंतींपुढे वरातीचा ब्रास बँड आता मागे पडला असला, तरी 1951 सालच्या ‘अलबेला’ची एखादी चाल त्याच्या ट्रंपेटवर उमटली की वऱ्हाडातील वडीलधाऱ्यांचेही पाय हलू लागतात. ही चाल कोणाची, असे विचारले तर सी. रामचंद्रांचे नाव सांगणारे पुष्कळ भेटतील. पडद्यावर कोण नाचले, याचे उत्तर तर शाळकरी मुलगाही देईल : भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. परंतु त्या गाण्यांत जो ट्रंपेट खदखदून हसतो, तो कोणाचा? येथे बहुतेकांची स्मृती थांबते.

तो ट्रंपेट चिक चॉकलेट यांचा. खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916, गाव गोव्यातील हळदोणे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. राज्यकर्त्यांनी प्रार्थनेसाठी दिलेली ही विद्या पुढे पोटासाठी मुंबईत आली. 1935 साली लिऑन अ‍ॅबी यांचे कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचे पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले आणि शहराला जॅझची गोडी लागली. त्या गोडीवर गोव्याच्या वादकांची एक पिढी पोसली गेली. चिक यांनी आपले पथक उभारले, ताजमध्ये वाजविले आणि ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ ही पदवी मिळविली. आर्मस्ट्राँगसारखा घोगरा आवाज आणि हातातला रुमाल, एवढ्यावर ही पदवी मिळाली असे मात्र कोणी समजू नये.

1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील रात्रींचा रंग उतरू लागला आणि ही मंडळी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे अधिकाधिक वळली. तेथे त्यांची गरज निकडीची होती. पेटीवर चाल बांधणारा संगीतकार बहुधा पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिणारा नसे. पन्नास वादकांनी एकाच क्षणी वेगवेगळे स्वर वाजवावयाचे, तर प्रत्येकापुढे त्याचा कागद हवा. ट्रंपेटवाल्याला ऐकू येणाऱ्या स्वराहून एक पूर्ण स्वर वर लिहून द्यावे लागते. ऑल्टो सॅक्सोफोनचे गणित आणखी निराळे. हे जाणून प्रत्येक वाद्याचा भाग रचणारा तो अरेंजर. दोन कडव्यांमधला वाद्यमेळ, गायिकेच्या ओळीमागून सरकणारी व्हायोलिने, सम येण्याआधीचा पितळी वाद्यांचा तडाखा, हे सारे पुष्कळदा त्याच्या लेखणीतून उतरलेले. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षे करणारे सेबास्टियन डिसूझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात स्वतःचे पथक चालवीत.

यावर आक्षेप असा की, चाल हाच गाण्याचा आत्मा. बाकीचा नुसता पेहराव. ‘अनारकली’च्या गाण्यांबाबत हे कदाचित मान्य करता येईल. पण ‘अलबेला’तून ट्रंपेट, बाँगो आणि क्लॅरिनेट काढून घ्या, जे उरेल त्यावर कोणती वरात नाचेल? सी. रामचंद्रांची थोरवी याने कमी होत नाही. पुणतांब्याचा हा माणूस हळदोण्याच्या माणसाला जवळ करतो आणि दोघे मिळून नवे काही घडवितात, ही उलट त्यांच्या रसिकतेची साक्ष.

कायद्याने मात्र गंमतच केली. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ‘सांगीतिक कृती’ म्हणजे छापलेली अथवा लिपिबद्ध केलेली स्वररचना, अशी व्याख्या होती. म्हणजे कायद्याला कागद हवा होता, आणि तो कागद लिहिणाऱ्याचे नाव तबकडीवर येत नव्हते. पडद्यावर आलेच तर ‘सहायक’ म्हणून! 1994 च्या दुरुस्तीने लिपीची अट गेली. चाल लिहून न ठेवणाराही संगीतकार ठरला, आणि ते न्याय्यच झाले. 2012 मध्ये वादकांच्या मानधनहक्काचीही दखल घेतली गेली. पण संयोजकाला कर्त्याचा मान देण्याची चाल आपल्याकडे पडली नाही. जुन्या गीतांच्या नव्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी, आकाशवाणीने आणि गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थांनी गीतकार-संगीतकारांच्या जोडीने हे तिसरे नाव सांगावयास खर्च तो कितीसा येणार आहे?

1977 साली ‘अमर अकबर अँथनी’च्या एका गीतात प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव गुंफले. देशाने ते नाव विनोदी पात्राचे समजून डोक्यावर घेतले. 1958 मध्ये भारतीय रागांवर आधारित सिंफनी वाद्यवृंद उभारणारे खरे गोन्साल्विस 1965 साली अमेरिकेला गेले होते. पुढे ते माजोर्ड्यास परतले आणि 2012 साली निवर्तले.

चिक यांच्या वाट्याला निदान चेहरा आला. ‘अलबेला’त झालरदार पोशाखातील त्यांचे पथक पडद्यावर दिसते. 1966 च्या ‘आखरी खत’मध्ये खय्याम यांच्या गीतावर तरुण भूपिंदर गातो आणि कॅमेरा पुनःपुन्हा एका ट्रंपेटवादकाकडे वळतो. तेच चिक चॉकलेट. दुसऱ्याच वर्षी, 1967 मध्ये, त्यांचे निधन झाले.