मापाचा काटा गाडीतही असतो

कळंबोली सर्कलला भाड्याच्या गाड्या रांगेत उभ्या असतात. त्यांच्या खिडक्यांतून आत डोकावलं, तर प्रत्येकीत वेगाचा काटा निराळ्याच जागी दिसतो. जुन्या इटिओसमध्ये तो डॅशबोर्डच्या मधोमध आहे. टाटा नॅनोतही तसंच होतं. एर्टिगात स्टिअरिंगच्या मागे सुईची तबकडी, तर कुठे सुईच नाही, नुसता चमकणारा आकडा. टेस्लाने तर स्टिअरिंगमागची जागा रिकामी ठेवून सगळं मधल्या पडद्यावर नेलं. आपल्याकडे अनेक पोरं मालकाची गाडी चालवतात, आज ही तर उद्या ती. त्यांना दर वेळी नजरेची सवय मोडावी लागते.

नवा डॅशबोर्ड छान दिसतो, हे मान्य. पण बऱ्याच गाड्यांच्या तबकडीवर आकडे 200-220 पर्यंत असतात आणि एक्सप्रेसवेवर सपाटीला कारची मर्यादा आहे 100. म्हणजे अर्धी तबकडी अशा वेगासाठी, जो इथे कायद्याने करताच येत नाही. उरलेल्या अर्ध्यात 20, 40, 60 असे आकडे दाटीने बसवलेले. जिथे मर्यादा 50 असते, तिथे नेमका 50 चा आकडा नसतो, नुसती रेघ असते. युरोपातल्या काही गाड्यांवर 30 आणि 50 ठळक छापतात, कारण तिकडच्या वस्त्यांत तीच मर्यादा असते. आपल्या रस्त्यांसाठी तबकडी आखायला कोणाचा हात धरला होता?

1 जुलै 2019 पासून आपल्या नव्या गाड्यांना 80 च्या वर थांबून थांबून आणि 120 च्या वर सलग बीप वाजवणं सक्तीचं झालं. हेतू चांगला होता. पण 100 ची परवानगी असलेल्या रस्त्यावर ही बीप वाजत राहते, आणि बोरघाटात, जिथे मर्यादा बरीच खाली येते, तिथे 75 ने गाडी गेली तरी ती गप्प. विनाकारण ओरडणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. म्हणून लोक आवाज बंद करून घेतात, आणि तसं करून देणारेही भेटतात. आखातातून परतलेल्या आपल्या कोकणी भावांना 120 ची घंटा ओळखीची असेल. युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये रस्त्याची मर्यादा ओळखून इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याला ठरावीक आकड्यापेक्षा तीच हवी.

आता मापाची गोष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या नियम 39 प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालतं, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक 4 किलोमीटरपर्यंत. म्हणजे गाडी खरोखर 100 ने जात असेल, तर काटा 114 पर्यंत दाखवू शकतो. मोबाइलवर कमी वेग दिसतो तो यामुळेच. मग चालक म्हणतो, 'काटा खोटं बोलतो, अजून दहा वाढव.' काटा मुद्दाम सुरक्षेच्या बाजूला झुकवलेला असतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

तोल बिघडतो टायरच्या दुकानात. शोसाठी मोठ्या घेराचे टायर बसवले की चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागतो. सूरह अल-मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांविषयी आहे. आपण ती ऐकतो आणि तराजूवाला बनिया डोळ्यांसमोर आणतो. मागच्या सीटवर दुसऱ्यांची लेकरं बसवून चुकीच्या काट्यावर गाडी हाकणारा आपल्याला आठवत नाही. प्रवासी ही अमानत आहे. सफरची दुआ डॅशबोर्डवर चिकटवावी, जरूर चिकटवावी, पण कृपा करून इशाऱ्याच्या दिव्यांवर नको. ब्रेकचा लाल दिवा तिच्या मागे झाकलेला मी पाहिला आहे.

भाड्याच्या गाड्यांच्या फिटनेस तपासणीत टायरचा आकार कंपनीने दिलेलाच आहे का आणि बीप वाजते का, एवढं तरी पाहावं. मोठं यंत्र लागत नाही. टायरच्या बाजूवर मोजमाप छापलेलं असतं आणि मूळ आकार चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत सापडतो. गाडी घेताना रंगाच्या आधी ते वाचून घ्या.