जमीन नदीची, मोजणी माणसांची

आसामचा विषय महाराष्ट्रात निघतो तो बहुधा घुसखोरीच्या निमित्ताने. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी तेथील राष्ट्रीय नागरिक नोंदवही प्रसिद्ध झाली, ३ कोटी ३० लाख अर्जदारांपैकी १९ लाख ६ हजार ६५७ जणांची नावे तीत आली नाहीत, आणि देशभरची चर्चा या एका आकड्याभोवती फिरू लागली. कोणाला तो फार वाटला, कोणाला फारच कमी. त्याच राज्याच्या जलसंपदा विभागाचा दुसरा एक आकडा मात्र कोणाच्या ओठावर आला नाही. १९५० पासून ब्रह्मपुत्रा आणि तिच्या उपनद्यांनी ४ लाख २७ हजार हेक्टर जमीन कापून नेली आहे. हे राज्याच्या क्षेत्रफळाचे सुमारे ५.४ टक्के होतात. घुसखोरीचा प्रश्न खरा आहे आणि गंभीरही आहे. पण ज्या भूमीवर तो उभा आहे तीच वाहून जात असताना केवळ माणसे मोजून तो कसा सुटणार?

बाहेरून माणसे येणे आसामला नवे नव्हते. १२२८ साली पटकाईचे डोंगर ओलांडून आलेला सुकाफा हाही परकाच. परंतु त्याच्या आहोम वंशाने पुढे इथली भाषा आणि इथले देवधर्म आपले मानले, बांध घातले, विस्तीर्ण तळी खोदली. १६७१ साली सराईघाटला लाचित बडफुकनने मोगल सेनेला परतवले, ते ब्रह्मपुत्रेच्या प्रवाहाला हाताशी धरूनच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोआमारिया बंडाने आणि त्यामागून आलेल्या ब्रह्मी आक्रमणांनी हा प्रदेश विराण केला. १८२६ च्या यांडाबू तहानंतर आलेल्या इंग्रजाला म्हणूनच सर्वत्र ‘पडीक’ जमीन दिसली. (पडीक हा शब्द सारावसुली करणाऱ्याचा, गुरे चारणाऱ्याचा नव्हे!) १८३८ च्या नियमांनी ती चहामळेवाल्यांना सवलतीने मिळाली आणि मळ्यांवर राबायला छोटा नागपूरकडील वनवासी बांधव आणले गेले.

विसाव्या शतकाच्या आरंभी मैमनसिंग आणि आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकरी येऊ लागले. ते जमीनदारांच्या जाचाने पिचलेले होते, कष्टाळू होते, दलदलीत ताग पिकवण्याचे कसब त्यांच्याजवळ होते. हे नाकारण्यात अर्थ नाही. सरकारला सारा हवा होता, व्यापाऱ्याला ताग हवा होता. स्थानिकांच्या जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२० च्या सुमारास नगाव जिल्ह्यात ‘लाइन’ पद्धत आली. गावाच्या नकाशावर रेघ ओढायची आणि नवागताने तिच्यापलीकडे वसू नये, असा तो नियम. पण मुस्लिम लीगच्या सादुल्ला मंत्रिमंडळांचा कल ही रेघ पुसण्याकडेच राहिला. महायुद्धाच्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ या घोषणेखाली राखीव गायरानेही खुली झाली. या वसाहतींमागचा राजकीय अर्थ १९४६ साली उघड झाला. कॅबिनेट मिशनच्या योजनेत आसामला बंगालच्या गटात बांधले गेले. गोपीनाथ बार्दोलोई त्या वेळी ठामपणे उभे राहिले नसते, तर आसामचा नकाशा आज वेगळा असता.

त्यानंतर नदीने घाव घातला. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपाने डोंगर कोसळले, गाळाने ब्रह्मपुत्रेचे पात्र उंचावले आणि दिब्रुगड शहराचा मोठा भाग पुढच्या काही वर्षांत नदीत गेला. कृष्णा-भीमेच्या काठावर वाढलेल्या माणसाला याची कल्पना येणे कठीण. आपल्याकडे पूर येतो, ओसरतो आणि शेत जागेवर सापडते. तिथे शेतच जागेवर राहत नाही. श्रीमंत शंकरदेवांच्या परंपरेतील सत्रांचे माजुली बेट एकेकाळी बाराशे चौरस किलोमीटरहून मोठे होते, आज ते निम्मेही उरलेले नाही. कित्येक सत्रांना बेट सोडून जावे लागले. नदी एकीकडे खाते आणि दुसरीकडे वाळूचे ‘चर’ उभे करते. २००२-०३ च्या सरकारी पाहणीत असे २२५१ चर आणि त्यांवर सुमारे २५ लाख वस्ती आढळली. यांतील पुष्कळ जमिनीची धड मोजणी झालेली नाही. चर बुडाला की माणूस उठतो आणि दुसऱ्या गावाच्या शिवारात जाऊन बसतो. कोण सीमेपलीकडून आला आणि कोण केवळ नदीपलीकडून, हे ओळखायला महसुली कागद लागतो. आणि तो कागद ज्या जमिनीचा, ती पाण्याखाली असते. ज्याला घुसखोरी लपवायची आहे त्याला यापेक्षा सोयीची जागा कोणती? आणि पिढ्यान्‌पिढ्या काठावर राहणाऱ्या मिसिंग शेतकऱ्याला यापेक्षा गैरसोयीची कोणती?

दिल्लीने या गुंत्याकडे मतपेढीच्या चष्म्यातूनच पाहिले. १९७९ मध्ये मंगलदैच्या मतदारयादीत संशयित परकीयांची हजारो नावे निघाली आणि सहा वर्षांचे आंदोलन पेटले. १९८३ साली निवडणूक लादली गेली, आणि १८ फेब्रुवारीला नेल्लीत सरकारी हिशेबानेही दीड हजारांहून अधिक माणसे, त्यांत स्त्रिया आणि मुले, कापली गेली. जमिनीची तक्रार वर्षानुवर्षे न ऐकल्याने त्या हत्याकांडाचे समर्थन होत नाही. पण ती ऐकली गेली नव्हती, हेही खरे. त्याच वर्षीच्या कायद्याने परकीय सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर टाकला. तो रद्द व्हायला २००५ उजाडले. १९८५ च्या कराराने २५ मार्च १९७१ ही सीमारेषा ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

तारीख ठरली, शेतांच्या सीमा ठरलेल्या नाहीत. चरांची मोजणी, सत्रांच्या जमिनींचे संरक्षण, मूळ रहिवाशांना पट्टे, ही कामे घोषणांइतकी झटपट होणारी नाहीत. केंद्राच्या आपत्ती-साहाय्याच्या निकषांत पुराला स्थान होते, जमीन कापून नेणाऱ्या नदीला दीर्घकाळ नव्हते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्याकरिता १५०० कोटी आणि विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी १००० कोटी सुचवले, तेही संपूर्ण देशासाठी. त्यातून घर मागायला गेलेल्या माजुलीच्या शेतकऱ्याला पहिला प्रश्न विचारला जाईल तो, नदीत गेलेल्या जमिनीचा पट्टा कुठे आहे, हाच.