सिक्सरचा भाव कोण ठरवतो?

आयपीएल सुरू झालं की आपल्या ऊर्जानगरच्या टपरीवर सगळेच अकाउंटंट होतात. वर कोटी, खाली रन, केला भागाकार. "काहून बे, एवढ्या पैशात तर अख्खी टीम आली असती!" हा डायलॉग तुम्हीही कधी ना कधी मारला असेलच. वाद रंगतो, चहा संपतो, निकाल काही लागत नाही. माझं म्हणणं असं की निकाल लागतच नाही, कारण भागाकारच चुकीचा मांडलाय.

२०२५ चा सीझन घ्या. लखनौनं ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं, तोवरची लिलावातली सगळ्यात मोठी बोली. त्यानं सीझनभरात २६९ रन केल्या. म्हणजे एक रन साधारण १० लाखांची. बंगळुरूनं आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माला ११ कोटींना घेतलं. त्याच्या रन २६१. एक रन सव्वाचार लाखांच्या आत. टपरीचा निकाल: जितेश स्वस्त, पंत महाग, विषय संपला.

थांबा. आता २७ मे २०२५ ची लखनौची मॅच आठवा. पंतनं नाबाद ११८ ठोकल्या. सीझनमधल्या त्याच्या जवळपास निम्म्या रन त्या एकाच रात्री आल्या. लखनौच्या २२७ झाल्या आणि बंगळुरूची चौथी विकेट १२३ वर पडली. तिथून त्या दिवशीचा कॅप्टन जितेश ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून गेला. मयंक अग्रवालसोबत १०७ ची अभेद्य भागीदारी झाली आणि ८ चेंडू राखून मॅच खिशात. त्या विजयानं बंगळुरू पहिल्या दोनांत गेली, म्हणजे फायनल गाठायच्या दोन संधी मिळाल्या. आता सांगा, या ८५ रनही सव्वाचार लाखांच्याच भावानं मोजायच्या का?

फायनलमध्ये तर आणखी गंमत. जितेशनं १० चेंडूंत २४ केल्या. कॉलेजच्या स्कोअरबुकात एवढ्या रनकडे कुणी ढुंकून पाहणार नाही. पण बंगळुरू जिंकली किती रननी? ६! त्याच १० चेंडूंत १५ झाल्या असत्या, तर ट्रॉफी कुठे गेली असती याचा विचार करा. फटकेबाजाची किंमत एकूण रनमध्ये नसते. उरलेल्या चेंडूंचं तो काय करतो, त्यात असते. सरासरी पाहून त्याला तोलणं म्हणजे फायर ब्रिगेडची गाडी रोज किती किलोमीटर धावली ते मोजण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट. ११ कोटी ही जितेशची 'लायकी' आहे असं आपण समजतो. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दाहच्या लिलावात बंगळुरूची बोली ७ कोटींवर थांबली होती. मग पंजाबनं आपला जुना खेळाडू परत घ्यायला राइट टू मॅच कार्ड काढलं. नव्या नियमानं बंगळुरूला एकदा बोली वाढवायची मुभा होती, त्यांनी थेट ११ केले. पंजाबनं हात मागे घेतला. एका मिनिटात ४ कोटी वाढले. त्या मिनिटात जितेशच्या बॅटमध्ये काय बदललं? काहीच नाही. हाच जितेश २०२२ मध्ये पंजाबला २० लाखांत मिळाला होता. भाव म्हणजे तुमची गरज किती जणांना आहे आणि त्यांच्या खिशात किती उरलंय याचा हिशोब. माणसाचं मोल वेगळं.

तिसरी गोष्ट टीमच्या खर्चाची. त्या लिलावात खिसा सगळ्यांचा सारखाच होता, १२० कोटींचा. म्हणून "पंत २७ कोटींचा आहे का?" यापेक्षा "त्या २७ कोटींत आणखी काय आलं असतं?" हा प्रश्न जास्त कामाचा. बंगळुरूकडे बघा. जितेश ११, भुवनेश्वर कुमार १०.७५, कृणाल पंड्या ५.७५. बेरीज २७.५० कोटी. फायनलमध्ये कृणालनं चार ओव्हरमध्ये फक्त १७ रन देत दोन विकेट काढल्या आणि तो सामनावीर ठरला. भुवनेश्वरनंही दोन घेतल्या. जवळपास एका पंतच्या पैशात तिघं आले आणि तिघांनीही फायनलला हातभार लावला. लखनौ सातव्या नंबरवर राहिली.

लगेच "महागडा खेळाडू म्हणजे पैसा पाण्यात" असं म्हणू नका हं. पंजाबनं श्रेयस अय्यरवर २६.७५ कोटी लावले. त्यानं ६०४ रन केल्या आणि टीमला फायनलपर्यंत नेलं. मोठी बोली जुगार असते. जुगार कधी लागतो, कधी नाही. पण एकाच पत्त्यावर सगळं लावलं की तो पडल्यावर हातात दुसरा पत्ता राहत नाही.

एवढा खटाटोप काहून, असं विचाराल. कारण या भावाचा परिणाम आपल्या कॉलनीच्या मैदानापर्यंत येतो. यवतमाळच्या शुभम दुबेनं मुश्ताक अली टी-२० स्पर्धेत फटकेबाजी केली आणि आयपीएलची एकही मॅच न खेळता, डिसेंबर २०२३ मध्ये राजस्थाननं त्याला ५.८० कोटींना उचललं. छानच झालं! पण विदर्भाचाच हर्ष दुबे बघा. २०२४-२५ च्या रणजी सीझनमध्ये ६९ विकेट, स्पर्धेच्या इतिहासात एका सीझनमधल्या सर्वाधिक. विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी जिंकली ती त्याच सीझनला. हैदराबादनं त्याला घेतलं ते मध्येच, दुखापतग्रस्त खेळाडूच्या जागी, ३० लाखांत. रणजीत नव्या खेळाडूला दिवसाची फी ४० हजार. आयपीएलमध्ये एका मॅचची फी साडेसात लाख, तीही बोलीच्या पैशांशिवाय. मग दहा-बारा वर्षांची पोरं स्पिन शिकण्यापेक्षा टेनिस बॉलवर उचलून मारायलाच धावली, तर नावं कुणाला ठेवायची?

हा पैसा येतो कुठून? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. ते तुमच्या-माझ्या डोळ्यांच्या भरवशावर. आपण जे बघतो, त्याचा भाव वाढतो. म्हणून लिलावाच्या आकड्याला फक्त शिव्या घालून भागणार नाही. हर्षच्या स्पेलचा एखादा व्हिडिओ पूर्ण बघा, जामठ्याला रणजीची मॅच असेल तेव्हा एक दिवस काढून नागपूरला जा.

आणि हो, आपल्यातल्या बऱ्याच जणांचा लिलावही जवळ आलाय, त्याला कॅम्पस प्लेसमेंट म्हणतात. तेव्हा कुणाचं पॅकेज ऐकून त्याला 'ओव्हररेटेड' किंवा 'फेल' ठरवण्याआधी ते ७ कोटींचे ११ झालेलं एक मिनिट आठवा.