हा शेवट मला मान्य नाही

‘द व्हॅम्पायर डायरीज’ या कादंबरीमालेचा शेवटचा खंड ‘द साल्व्हेशन : अनमास्क्ड’ २०१४ मध्ये आला. पुस्तकावर दोन नावं आहेत : निर्मिती एल. जे. स्मिथ, लेखन ऑब्री क्लार्क. एलेना, स्टीफन आणि डेमन ही माणसं १९९१ मध्ये जिने जन्माला घातली, त्या लिसा जेन स्मिथने या खंडातलं एक वाक्यही लिहिलेलं नाही. तिला २०११ मध्येच तिच्या मालिकेतून काढून टाकलं होतं. ती जिवंत होती, लिहिती होती, पुढचे खंड लिहायची तिची तयारी होती. तरी शेवट दुसऱ्याकडून लिहून घेतला गेला, आणि तिचं नाव मात्र पुस्तक खपवायला ठेवून घेतलं गेलं. याला मी कादंबरीमालेचा शेवट म्हणत नाही. एका लेखिकेची ही राजरोस लूट आहे आणि ती पूर्णपणे कायदेशीर होती, याचाच मला जास्त संताप येतो.

अमेरिकेत प्रकाशकाच्याही अलीकडे ‘पॅकेजर’ नावाचा एक धंदा आहे. कोणत्या वयाच्या मुलींना काय वाचायला आवडेल ते कंपनीच्या कचेरीत ठरतं, त्याबरहुकूम लेखक शोधला जातो आणि तयार मालिका प्रकाशकाला विकली जाते. स्मिथ तेव्हा दोन पुस्तकांची नवखी लेखिका होती. अशाच एका कंपनीने तिला पिशाच्चांची त्रयी लिहायला सांगितली. कंपनीचे हक्क पुढे अलॉय एंटरटेन्मेंटकडे आले आणि २०१२ मध्ये खुद्द अलॉय वॉर्नर ब्रदर्सच्या टेलिव्हिजन समूहाने घेतली. स्मिथचा करार मोलाने लिहून देण्याचा होता. त्या कलमाचा अर्थ सही करताना आपल्याला उमगला नव्हता, हे तिने नंतर उघडपणे सांगितलं.

हे कलम किती क्रूर आहे ते नीट समजून घ्यायला हवं. १९७६च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार अशा कामात हक्क लेखकाकडून कंपनीकडे जात नाहीत. ते लेखकाकडे मुळी येतच नाहीत, कारण कायद्याच्या लेखी लेखक कंपनीच असते. एरवी हक्क विकून बसलेल्या लेखकाला हाच कायदा ३५ वर्षांनी करार मोडून आपलं पुस्तक परत मागण्याची मुभा देतो. तरुणपणी कवडीमोलाने विकलेलं उतारवयात तरी हाती यावं, म्हणून ही तरतूद आहे. मोलाने लिहिलेल्या पुस्तकांना तीच नेमकी नाकारली आहे. म्हणजे ज्याची बाजू सर्वांत लंगडी, त्यालाच वगळलं.

१९९१-९२ची चार पुस्तकं मी पुन्हा वाचली आहेत आणि ती मला आजही आवडतात. फेल्स चर्चसारखं लहानसं गाव, शाळेत मिरवणारी, गर्विष्ठ आणि आतून पोरकी एलेना, रेनेसाँ काळातल्या इटलीतून आलेले, एकमेकांचा जीव घेतलेले स्टीफन आणि डेमन हे दोन भाऊ. ‘ट्वायलाइट’ येण्याच्या चौदा वर्षं आधी स्मिथने शाळेचा व्हरांडा आणि दफनभूमी एकाच गोष्टीत आणून दाखवली होती. मग २००९ मध्ये सीडब्ल्यू वाहिनीवर मालिका सुरू झाली, ती २०१७ पर्यंत आठ पर्वं चालली, तिला ‘द ओरिजिनल्स’ आणि ‘लेगसीज’ अशी पिल्लं झाली. त्याच लाटेवर स्मिथला परत बोलावलं गेलं. तिने ‘नाइटफॉल’, ‘शॅडो सोल्स’ आणि ‘मिडनाइट’ हे ‘द रिटर्न’चे तीन खंड लिहिले. ते पसरट आहेत. जपानी कोल्हापिशाच्चं, काळोखाची परिमाणं, काय वाट्टेल ते त्यात आहे, आणि काही पानं मला अक्षरशः ढकलत न्यावी लागली. पण त्या भरकटण्यात एक डोकं चाललेलं दिसतं. ही बाई या माणसांना घेऊन कुठेतरी निघाली आहे, हे कळतं.

त्यानंतर तिला हाकललं. पुढच्या ‘द हंटर्स’ त्रयीवर नाव स्मिथचं, मजकूर दुसऱ्याचा, आणि त्या दुसऱ्याचं नाव मुखपृष्ठावर नाही. पुस्तकांच्या दुकानात उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला हे कसं कळावं? तिला फसवूनच पैसे घेतले गेले, दुसरा शब्द मला सापडत नाही. ‘द साल्व्हेशन’पासून निदान क्लार्कचं नाव आलं. लिहून देणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. तोही मोलाचाच माणूस, आणि उद्या त्यालाही बदलता येतं.

आता तो शेवट. ‘द साल्व्हेशन’च्या पहिल्याच खंडात स्टीफनला मारलं जातं. एलेना आणि स्टीफनच्या ज्या नात्यावर १९९१ पासून सगळा डोलारा उभा होता, ते नातं तोडायचा निर्णय ते नातं न लिहिलेल्या माणसांनी घेतला. आणि ‘अनमास्क्ड’मध्ये एलेनाला काळात मागे, कथा सुरू झाली त्या शाळेच्या दिवसांत धाडलं जातं. घडून गेलेलं तिने बदलायचं. म्हणजे स्मिथच्या पहिल्या पुस्तकात शिरून तिथल्या घटनांवरच हात चालवायचा. याइतका उर्मटपणा मी कोणत्याही मालिकेत पाहिलेला नाही. ती माणसं जे भोगून इथवर आली, ते घडलंच नाही असं करून टाकलं, तर वाचकाने त्यांच्यासोबत घालवलेल्या वर्षांना अर्थ काय उरला?

लोक म्हणतात, दुसऱ्याने पूर्ण केलेल्या मालिका जगात पुष्कळ आहेत. आहेत ना. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला तेव्हा ‘द व्हील ऑफ टाइम’ अर्धवट होती. त्याच्या पत्नीने, जी त्याची संपादकही होती, ब्रँडन सँडरसनला निवडलं. जॉर्डनने मागे ठेवलेली टिपणं आणि लिहून ठेवलेली प्रकरणं हाताशी घेऊन सँडरसनने २०१३ मध्ये शेवटचा खंड पुरा केला. तिथे मरणाने लेखणी थांबवली होती. इथे कंपनीने थांबवली.

आणि स्मिथ थांबलीही नाही. अॅमेझॉनने २०१३ मध्ये ‘किंडल वर्ल्ड्स’ काढलं, ज्यात परवाना घेतलेल्या मालिकांवर चाहत्यांनी आपल्या कथा लिहून विकायच्या. अलॉयने ‘व्हॅम्पायर डायरीज’ तिथे खुली केली होती. त्या दारातून स्मिथ आत आली. स्वतः निर्माण केलेल्या माणसांची पुढची कथा ती चाहत्यांच्या रांगेत उभी राहून, चाहत्यांच्याच अटींवर लिहू लागली. ‘इव्हनसाँग’चे खंड तिने तिथे प्रसिद्ध केले. २०१८ मध्ये अॅमेझॉनने ते दुकान बंद केलं आणि तिच्या लेखनाची ती जागाही गेली. मार्च २०२५ मध्ये, ६६व्या वर्षी, स्मिथ वारली. एलेनाच्या कथेचा तिने योजलेला शेवट अधिकृत मालिकेत कधीच आला नाही.

‘सही केली होती ना तिने?’ हा युक्तिवाद मला मराठी माणसांकडूनही ऐकायला मिळतो, तेव्हा आपलाच कायदा आपल्याला माहीत नाही याचं वाईट वाटतं. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ सांगतं, की हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव लावण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशा मोडतोडीला विरोध करण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. मन्नू भंडारींनी ‘आपका बंटी’चे चित्रपटाचे हक्क स्वतःच विकले होते. तरी ‘समय की धारा’मध्ये कादंबरीची झालेली दशा पाहून त्या कोर्टात गेल्या, आणि १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लेखकाच्या बाजूने लावला. सही केल्याने लेखक कायद्याच्या नजरेतून नाहीसा होत नाही, हे आपल्याकडे कायद्याने मानलेलं आहे. अमेरिकेत साहित्यिकाला असं संरक्षण नाही. १९९०चा तिथला कायदा चित्रकार-शिल्पकारांपाशीच थांबतो.

आपल्याकडेही कलम असलं म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही. दैनंदिन मालिकेचा लेखक मध्येच बदलतो आणि प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. कोर्टात जायची ऐपत कितींची असते? ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असं छापलेला कागद समोर आला, की पहिलंच काम मिळालेला पोरगा वाचायच्या आधी सही करतो. त्याला अडवणारं कुणीतरी त्या खोलीत असायला हवं, आणि ते काम जुन्या लेखकांनी अंगावर घेतलं पाहिजे.

अलॉय आणि प्रकाशक यांच्याकडे माझी मागणी साधी आहे. ‘द हंटर्स’ आणि ‘द साल्व्हेशन’च्या प्रत्येक नव्या आवृत्तीत पहिल्या पानावर छापा, की या सहा पुस्तकांत एल. जे. स्मिथचा हात नाही आणि तिला २०११ मध्ये काढून टाकण्यात आलं होतं. ते छापून येईपर्यंत, ज्यांना ही मालिका वाचायची आहे त्यांना मी ‘मिडनाइट’पाशी थांबायला सांगतो. अधिकृत मालिकेत तिने लिहिलेली सात पुस्तकं तिथे संपतात.